लांडगा इतका बारीक असतो का? (मिसळीची पैज लागली आहे, मदत करा)

भटक्या_पाय
मंडळी, रविवारी पहाटे इंदापूरकडे माळावर चिंकारा बघायला गेलो होतो. (नेमकी जागा आता काढून टाकली आहे, का ते खाली प्रतिसादांत कळेल.) चिंकारा दिसले, मजा आली. परतताना माळ संपून ऊस सुरू होतो तिथे एक प्राणी आमच्या गाडीपुढून रस्ता ओलांडून गेला. अंतर असेल शंभरेक फूट.

मी म्हणालो लांडगा. शेजारी बसलेले मेहुणे म्हणाले, "कसला लांडगा, उपाशी गावठी कुत्रं आहे ते." खरं सांगायचं तर मलाही शंका आली, कारण प्राणी फारच बारीक होता. पोट आत गेलेलं, पाय लांबच लांब, रंग धड राखाडी नाही धड तांबूस नाही, वाळल्या गवतासारखा. पाय मात्र अंगापेक्षा फिके. शेपूट खाली. पळाला नाही. रस्त्याच्या मधे थांबला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या वाटेने निघून गेला. मोबाइलवर दोन फोटो आणि आठ सेकंदांचा व्हिडिओ आहे, हललेला.

लांडगा खरंच एवढासा असतो? हरणारा मिसळ खिलवणार असं ठरलंय.

टवाळ_कार्टा
लांडगा आला रे आला! आता तिसऱ्यांदा ओरडलात तर गावकरी येणार नाहीत.

शंकासुर
मेहुणे बरोबर वाटतात. लांडगा म्हणजे मानेभोवती दाट केस, भलं मोठं डोकं, चाळीस-पन्नास किलोचं धूड. टीव्हीवर इतक्या वेळा बघितलाय. तुम्ही वर्णन करताय तो कोल्हा असेल, नाहीतर कुत्रा.

खोकड
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुसळताई, कुठे आहात?

कुसळ
आले. ज्वारीची भाकरी थापत होते.

शंकासुर, तुम्ही टीव्हीवर बघितलेला लांडगा बर्फातला. तोही ग्रे वुल्फच, पण उपजात वेगळी. आपल्या माळावरचा तो भारतीय लांडगा, कॅनिस ल्युपस पॅलिपेस. वजन साधारण १७ ते २५ किलो. खांद्याशी उंची दोन ते सव्वादोन फूट. म्हणजे वजनाला एखाद्या बऱ्यापैकी गावठी कुत्र्याइतकाच, पण उंच दिसतो, कारण पाय लांब आणि छाती अरुंद. समोरून बघितलंत तर पुढचे दोन पाय एकमेकांना जवळजवळ चिकटल्यासारखे वाटतात.

दुसरी गोष्ट केसांची. थंडीतल्या लांडग्याला वरच्या राठ केसांखाली लोकरीसारखी दाट लव असते, त्यामुळे तो आहे त्याच्या दीडपट दिसतो. आपल्याकडच्याला ही आतली लव फारच कमी, उन्हाळ्यात तर जवळजवळ नसतेच. मे महिन्यात सोलापूरच्या माळावर स्वेटर घालून कोण हिंडेल? त्यामुळे त्याची अंगकाठी आहे तशी उघडी दिसते आणि लोकांना तो "उपाशी" वाटतो.

रंग तांबूस-करडा. पाठीवर खांद्यापाशी काळ्या टोकांच्या केसांचा व्ही आकाराचा पट्टा असतो, चिडला की तो उभा राहतो. गाल आणि गळा पांढुरके. शेपटीचं टोक काळं. डोळे पिवळसर.

कोल्हा म्हणाल तर सात ते दहा किलो, लांडग्याच्या निम्माच. खोकड तर दोन-तीन किलोचं, मांजराएवढं. शंभर फुटांवरून कोल्ह्याला लांडगा समजणं शक्य आहे, पण मग "पाय लांबच लांब" असं कुणी म्हणणार नाही.

खोकड
"मांजराएवढं" हा शब्द मागे घ्या. भावना दुखावल्या आहेत.

शंकासुर
ताई, माहितीबद्दल आभार. पण एकाच जातीचा प्राणी कुठे २० किलो आणि कुठे ५०? पटत नाही. आपल्याकडे खायला कमी मिळतं म्हणून खुरटले असतील.

मिनेसोटाकर
खुरटण्याचा प्रश्न नाही हो. मी मिनेसोटात चौदा वर्षं आहे. इथे उत्तरेला इली नावाचं छोटं गाव आहे, तिथे इंटरनॅशनल वुल्फ सेंटर आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. काचेपलीकडे लांडगा उभा राहिला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "हा लांडगा नाही, वासरू आहे." इथला नर ३०-४० किलोचा असतो.

मी मूळचा मोहोळचा. लहानपणी मामाच्या शेतावरून लांडगे बघितलेत. दोन्ही बघितलेला माणूस म्हणून सांगतो, चेहरा तोच, नजर तीच, चालणंही तेच. बाकी सगळं वेगळं. आमच्याकडचा सायकल, इथला बुलेट. इथे जानेवारीत उणे तीस होतं, तिथे सायकल चालत नाही.

मोठा देह थंडीत का बरा, हे मुलीला मी चहावरून समजावलं होतं. कपातला चहा पटकन निवतो, पातेल्यातला बराच वेळ गरम राहतो. थंडीत पातेलं व्हायचं, उन्हात कप. कान बघा, इथल्याचे देहाच्या मानाने बारके, आपल्याचे मोठे. उष्णता बाहेर टाकायला.

निवांत_आजी
चहाचं उदाहरण आवडलं रे. पण उणे तीस? घरी ये परत.

मिनेसोटाकर
आजी, ग्रीन कार्ड आलं की बोलू :)

डॉ_खूर
जनावरांचा डॉक्टर आहे, पुणे जिल्ह्यातच. थोडी भर.

भटक्या, शेपूट खाली होती म्हणालात. फक्त खाली की वळलेली? गावठी कुत्र्याची शेपूट बहुधा वर कोयत्यासारखी वळते. लांडग्याची सरळ खाली लोंबते, चालताना फार हलत नाही. सगळ्यात पक्की खूण मात्र चाल. कुत्रं चालताना इकडे हुंगेल, तिकडे पाय वर करेल, मधेच थांबून खाजवेल. लांडगा ठरवून निघालेला असतो. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, त्यामुळे धुळीत त्याची वाट दोरीसारखी सरळ दिसते.

आता वाईट बातमी. या भागात सगळंच "शुद्ध" राहिलेलं नाही. माळावर भटकी कुत्री बेसुमार वाढली आहेत आणि लांडग्यांना जोडीदार मिळणं अवघड होत चाललंय. पुण्याजवळ काही वर्षांपूर्वी विचित्र पिवळट रंगाचा एक प्राणी लांडग्यांच्या कळपात दिसला होता. पुढे जीनोम तपासून तो लांडगा-कुत्रा संकर असल्याचं सिद्ध झालं. तेव्हा "रंग धड हा नाही धड तो नाही" हे वाचून मी जरा दचकलो. वर रोगाचा धोका आहेच. कुत्र्यांचा डिस्टेंपर लांडग्यांत शिरला तर कळपच्या कळप जाऊ शकतो. आम्ही मेंढपाळांच्या वाड्यांवर (फिरत्या तळांवर) जाऊन कुत्र्यांना लस देतो ती कुत्र्यांसाठी असतेच, लांडग्यांसाठीही असते.

टवाळ_कार्टा
म्हणजे पैज बरोबरीत सुटू शकते? अर्धा लांडगा, अर्धी मिसळ?

वाघर
हा धागा आमच्या घरातला हाय म्हणून लिहितो. आम्ही धनगर, फलटणकडचं. मी आता नोकरीला हाय, पण चुलता अजून बकरी घेऊन फिरतोय. (मेंढीला आम्ही बकरीच म्हणतो, हसू नका.) आत्ता वाडा कोकणात उतरलाय. तिकडं लांडग्याचा ताप नाही, बिबट्याचा हाय.

लांडगा वळखायला आमच्यात फुटपट्टी लागत नाही. कुत्री सांगतात. परकं कुत्रं आलं तर आमची कुत्री अंगावर जातात. लांडगा आला तर आवाज बदलतो, घशातून काढतात, आणि वाघरीला चिकटून उभी राहतात. (वाघर म्हंजी रातच्याला बकरी कोंडायची जाळी. माझं नाव तेच.) चुलता झोपेत असला तरी तो आवाज ऐकून उठतो.

अजून एक. कुत्रं बकऱ्यात शिरलं तर धा फाडतं न् एक खात नाही. लांडगा शक्यतो एक उचलतो न् जातो. जोडीनं येतात. एक समोरनं दिसतो, कुत्री न् माणसं तिकडं पळतात, दुसरा मागनं कोकरू नेतो. आज्जा म्हणायचा, त्याचा वाटा त्यानं नेला, आपल्याला कुठं मोजून दिलीती.

रंगाचं डॉक्टरसाहेब म्हणतात ते खरं असंल, पण लांडगा तसा धड एका रंगाचा नसतोच. पावसाळ्यात एक दिसतो, उन्हाळ्यात एक. पिल्लं तर काळपट चॉकलेटी असतात, छातीवर पांढरा ठिपका. मी सातवीत असताना असलं एक पिल्लू कुत्र्याचं समजून उचलून वाड्यावर आणलं होतं. आज्ज्यानं बघितलं, माझ्या कानाखाली एक वाजवली, न् तसंच अंधारात चालत नेऊन बिळापाशी ठेवून आला. त्या रात्री वाड्याभवती दोनदा इव्हळले लांडगे. आज्जा म्हणाला, बघ, मोजतायत.

निवांत_आजी
वाघर, अंगावर काटा आला रे. तुझ्या आजोबांना नमस्कार.

कुसळ
वाघर, पिल्लाच्या छातीवरचा पांढरा डाग अगदी बरोबर. मोठं होताना तो जातो. आणि मोजण्याचं म्हणाल तर गंमत आहे: सोलापूर, नगर आणि पुण्याकडच्या लांडग्यांचे आवाज रेकॉर्ड करून भारतीय वन्यजीव संस्थेच्या बिलाल हबीब यांच्या गटाने अभ्यास केलाय, २०१९ साली प्रसिद्ध झाला. हू-हू, भुंकत हू-हू, कुंईकुंई आणि आपसातलं चिंचिं असे चार प्रकार त्यात वेगळे काढले आहेत. तुमच्या चुलत्यांच्या कुत्र्यांना हे आधीच ठाऊक होतं.

शंकासुर
सगळं रम्य आहे, पण ज्याचं कोकरू जातं त्याला विचारा. पंचनामा, फोटो, अर्ज, चकरा. वाघर, तुमच्या आजोबांचं मन मोठं, पण सगळे तसे नसतात. बिळात धूर करणारेही आहेत.

वाघर
हायत की. आमच्यातबी हायत. एका वर्साला सोळा कोकरं गेल्यावर चुलतापण म्हणाला होता बीळ बुजवू. बुजवलं नाही, पण म्हणाला होता. भरपाईचं म्हणाल तर वाडा रोज हलतो, पंचनामा करायला माणूस येईस्तोवर आम्ही तीन गावं पुढं असतो.

निवांत_आजी
मी बार्शीकडची. लहानपणी संध्याकाळी अंगणात राहिलो की आई म्हणायची, "आत या, लांडगा नेईल." तुम्ही सगळे त्याचं कौतुक करताय, पण २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लहान मुलं नेलीच ना? मी पेपरात वाचून दोन रात्री झोपले नाही.

कुसळ
आजी, भीती खोटी नाही. बहराइच घडलं, त्याआधी नव्वदच्या दशकात हजारीबागकडेही घडलं. त्या घरांपुढे आकडेवारी मांडणं मला जमणार नाही. पण महाराष्ट्रात लांडगे मेंढपाळांच्या वाड्यांच्या अवतीभवतीच वाढलेत, उघड्यावर झोपणाऱ्या कुटुंबांपासून हाकेच्या अंतरावर. वाघर, तुमच्याकडे कधी पोराला नेल्याचं ऐकलंय?

वाघर
आमच्या वाड्यात तरी नाही. आज्ज्याच्या तोंडूनबी नाही ऐकलं. पोरगं पाळण्यात, म्हंजी घोंगड्याच्या झोळीत, न् आई बकऱ्यामागं, असंच आम्ही सगळे वाढलो.

खोकड
अवांतर, पण विषयाला धरून. या उपजातीचं बारसं आपल्याकडच्याच लांडग्यावरून झालंय हे किती जणांना माहीत आहे? कर्नल साइक्स म्हणून कंपनी सरकारचा अधिकारी होता, दख्खनची पाहणी करत हिंडायचा. त्याने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. त्यात लांडग्याला शास्त्रीय नाव दिलं पॅलिपेस, आणि शेजारी लिहिलं, मराठ्यांचा "लांडगा". कोळसुंदाही (रानकुत्रा) त्यात आहे, आणि अस्मादिक खोकडही. म्हणजे तुर्कस्तान-इस्राएलपर्यंतच्या लांडग्यांना पुढे जे नाव लागलं, ते मुळात आपल्या माळावरून गेलेलं.

शंकासुर
हे मस्त! मी असंही वाचलंय की जगातली सगळी कुत्री या भारतीय लांडग्यापासूनच आली. खरं का?

कुसळ
नाही. पूर्वी तसा अंदाज होता, कारण देह लहान आणि तोंडवळा कुत्र्याच्या जवळचा. जनुकं वेगळंच सांगतात. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी भारतीय लांडग्यांचे अख्खे जीनोम वाचले. निष्कर्ष असा की भारतीय आणि तिबेटी हे लांडग्यांच्या झाडावरचे फार जुने, वेगळे फुटलेले फाटे आहेत. कुत्र्यांचं नातं बाकीच्या युरोप-आशियातल्या लांडग्यांशी जास्त जवळचं. आणि खोकड, तुमचं तुर्कस्तान-इस्राएलही इथेच गळतं. दिसायला ते लांडगे आपल्यासारखेच सडपातळ, म्हणून एका नावाखाली घातले होते, पण जनुकांनी ते आपल्यापेक्षा वेगळे. साइक्सने दिलेलं नाव आता खऱ्या अर्थाने भारतीय उपखंडातल्या लांडग्यालाच शोभतं.

आणि आता माझं रडगाणं. एवढा जुना फाटा, वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने. राहतो कुठे? सरकारी कागदावर ज्याला "पडीक" म्हणतात त्या जमिनीवर. वाघासाठी जंगल राखतात. माळाला कुणी जंगल म्हणत नाही. त्यावर झाडं लावली की हार घालतात, प्लॉट पाडले की पेढे वाटतात. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी झालं, त्याच्या पदराखाली लांडगा वाचला. माळढोक आता दिसेनासाच झालाय.

टवाळ_कार्टा
ताई, भाकरी करपली का?

कुसळ
करपली.

भटक्या_पाय
अबब, दोन दिवस कामात होतो, इकडे जत्रा भरलेली! सगळ्यांचे आभार. मेहुण्यांनाही धागा पाठवला. ते म्हणतात "संकर" हा मुद्दा त्यांच्या बाजूने मोजावा.

व्हिडिओ संगणकावर थांबवत थांबवत बघितला. शेपूट सरळ खाली, टोक काळं. डोळे कळत नाहीत. खांद्यावर गडद पट्टा आहे असं वाटतं, पण सावलीही असू शकते. गालाखाली पांढरं नक्की. दोन्ही फोटो इथे चढवले आहेत, डॉक्टर, बघा.

डॉ_खूर
बघितले. दुसरा फोटो मोठा करून बघितला. शेपूट, चेहरा, छातीची ठेवण, सगळं लांडग्याचं. संकर आहे की नाही हे फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, ते मेहुण्यांना मान्य करतो. पण मला तरी कुत्र्याची एकही खूण दिसली नाही.

आता महत्त्वाचं. ही मादी आहे आणि पोटाखाली सड लोंबताना स्पष्ट दिसतायत. जानेवारी चालू आहे. पाजती आहे. एवढी खंगलेली का दिसते त्याचंही उत्तर तेच. म्हणजे बीळ जवळच आहे. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये गावाचं नाव, फाटा आणि कालव्याचा पूल सगळं लिहिलंय. कृपा करून आत्ताच्या आत्ता काढा. पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या आणि पंधरा कॅमेरे उभे राहिले तर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवेल, आणि त्या हलवाहलवीत कुत्र्यांच्या तावडीत सापडतील.

वाघर
भटक्या दादा, काढाच. न् परत जाऊ नका तिकडं महिनाभर. बघायचंच असलं तर वनखात्याची गवताळ सफारी हाय कडबनवाडीला न् शिर्सुफळला, तिथं रीतसर जावा.

भटक्या_पाय
काढलं. फोटोही काढून टाकले, मागे पूल दिसत होता. लक्षातच आलं नव्हतं, माफी असावी. फोन केला तर मेहुणे म्हणाले, "पाजती होती? अरेरे, आणि मी हॉर्न मारला."

हॉर्न मारल्याचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

खोकड
जाता जाता, पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कुणी उचललं नाही. "पाय मात्र अंगापेक्षा फिके." पॅलिपेसचा लॅटिनमध्ये अर्थच "फिक्या पायांचा". साइक्सला १८३१ मध्ये जे दिसलं तेच तुम्हाला शंभर फुटांवरून गाडीच्या काचेतून दिसलं.

शंकासुर
हरलो. मेहुण्यांच्या वतीने मीही.

भटक्या_पाय
मिसळ शनिवारी. मेहुणे पैसे देणार आहेत, पण तर्री जास्त घ्यायची नाही अशी अट घातलीये.

टवाळ_कार्टा
फिक्या पायांच्या लांडग्यासाठी फिकी मिसळ. निषेध!